इफेक्टचा आवाज

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ऐकण्यात चूक झाली, समजण्यात चूक झाली, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. तुमच्या चौकशी अहवालाच्या चौथ्या पानावर बेबीनंदा वानखडे या बाईबद्दल एक वाक्य आहे. ते खोटं आहे, आणि ते लिहून घेताना तुम्हाला ते माहीत होतं. बारा वर्षं झाली. ओरडायची ताकद आता राहिली नाही. म्हणून झालं तसं, त्याच क्रमानं सांगतो.

पोळा चार दिवसांवर होता. दुपारची वेळ. दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या होम थिएटरचा रिमोट उघडून बसलो होतो. बेबीताई आत आल्या आणि चप्पल बाहेर काढून उभ्या राहिल्या. टीव्हीच्या दुकानात कुणी चप्पल काढत नाही.

"रामेश्वरभाऊ, एवढं लावून पाहा बरं," असं म्हणून त्यांनी पदराखालून एक डीव्हीडी काढली.

"बसा ना ताई."

"बसाले नाई आली. लावून पाहा."

मी त्यांना ओळखत होतो. तालुक्यात तेव्हा त्यांना ओळखत नव्हतं असं कोण होतं? सावरटेकच्या अंगणवाडीच्या त्या सेविका. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी शिजवलेली खिचडी खाऊन सतरा लेकरं ओकली. सगळी तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली, पण तोवर बाईंना कामावरून घरी बसवलं होतं. खराब डाळ बघून न घेता शिजवली, हा आरोप. गावात तर त्याच्या पुढची गोष्ट चालली होती. बाईनं काहीतरी कालवलं म्हणे.

"काय आहे याच्यात?"

"झेंड्याची शूटिंग. इरफान शूटिंगवाल्यानं सरपंचासाठी केली होती. मायं बोलनं असन याच्यात, पाहा. मी मॅडमले तीन खेपा सांगतलं, डाळीले वास येते, मी शिजवत नाई. मॅडम म्हनते, शिजव. कॅमेरा घेऊन इरफान आमच्या पुढंच उभा होता, आमच्याकडं पाठ करून. आता मॅडम म्हनते, मले कोनी सांगतलंच नाई."

मॅडम म्हणजे त्यांच्या पर्यवेक्षिका. त्यांनी लेखी दिलं होतं की डाळीबद्दल सेविका एक शब्द बोलली नाही.

मी डीव्हीडी लावली. झेंडा, लेकरांची रांग, सरपंचाचा फेटा, आणि कर्ण्यावर वाजणारं गाणं. गाण्याच्या खाली कुणीतरी बोलतंय असं वाटलं, पण शब्द लागेना. आवाज वाढवला तर गाणं वाढलं.

"शेजारच्या टीव्हीवरही असंच झालं," बेबीताई म्हणाल्या. "पन हाय ना याच्यात? बुडाशी हाय ना?"

"आहे कायतरी."

"मंग वर काढा ना भाऊ."

असं 'वर काढा' म्हटल्यावर आवाज वर येत नाही, हे त्यांना सांगणार होतो, तेवढ्यात इरफानचा नवा कॅमेरा आठवला. मी फोन लावला.

"इरफान, तुझ्या त्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर काय लिहिलंय रे? फाइव्ह पॉइंट वन का?"

"हाव. कंपनीवाला म्हनत होता थेटरसारखा आवाज धरते. का हो?"

"झेंड्याचं मूळ कार्ड आहे का? पुसलं?"

"नाई पुसलं. सरपंचानं अजून पेन ड्राइव्ह दिला नाई मले."

"तसंच घेऊन ये. त्यात काही करू नको."

साहेब, मी दहावी नापास माणूस आहे. जे शिकलो ते खोक्यावरचं आणि खोक्यातल्या पुस्तकातलं वाचून, डिक्शनरी मांडीवर ठेवून. ते पुस्तक लिहिणाऱ्यांना वाटतं, वाचणारा सगळं आधीच शिकून आलाय. 'पीसीएम' म्हणजे काय, 'बिटस्ट्रीम' म्हणजे काय, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक जळालेला अ‍ॅम्प्लिफायर लागला. तुम्हाला मी ते दोन मिनिटांत सांगणार होतो. तुम्ही सांगू दिलं नाहीत, म्हणून आता ऐका.

फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि एक दणका देणारा डबा. पण मोठी गोष्ट स्पीकरची नाही. आवाजच पाच वाटांनी वेगळा भरलेला असतो. इरफानच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो माईक होता तो पुढचं पुढे धरायचा, आणि कॅमेऱ्याच्या मागे जे बोललं जाईल ते मागच्या दोन वाटांवर. मग ते कार्ड साध्या टीव्हीला लावलं किंवा त्याची साधी डीव्हीडी काढली की पाचही वाटा दोन स्पीकरमध्ये कोंबल्या जातात. पुढचा कर्णा मागच्या बाईला खाऊन टाकतो.

इरफान कार्ड घेऊन आला. मी ते माझ्या प्लेअरला लावलं आणि सेटिंग पीसीएमवरून बिटस्ट्रीमवर नेलं. माझ्या प्लेअरमध्ये पीसीएम म्हणजे पोस्टमननं पाकीट फोडून मजकूर दोन वाक्यांत सांगणं. बिटस्ट्रीम म्हणजे बंद पाकीट तसंच पुढच्या माणसाच्या हातात देणं. पुढचा माणूस म्हणजे माझा रिसीव्हर. तो पाकीट फोडतो आणि ज्याचा आवाज त्या स्पीकरला देतो.

मग मी पुढच्या तिन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या. कर्णा एकदम लांब गेला, शेजारच्या गावात वाजत असल्यासारखा. आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवरून बेबीताई बोलल्या.

"मॅडम, पोतं ओलं हाय. डाळीले वास येते. मी नाई शिजवत."

"बेबीताई, आज पाहुणे आहेत. नाटकं नकोत. दोन पाणी धुऊन घे आणि शिजव."

"लेकराईच्या पोटात जाईन ते."

"वरून आलंय ना? मग शिजव म्हणते ना मी!"

खऱ्या बेबीताई माझ्या स्टुलावर बसल्या. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे कसं झालं?"

मी शोधत राहिलो, कसं सांगावं. म्हटलं, "ताई, एका पोत्यात तूर, हरभरा, मूग एकत्र ओतला तर..."

"तर निवडा लागते."

"तेच केलं मी. आपल्या मनाचं काही घातलं नाही. निवडलं फक्त."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "साहेबाईलेही तसंच निवडून दाखवा. सोपं तर हाय."

एवढं त्या बाईला एका वाक्यात कळलं होतं. इरफान तिथे होता, त्याला विचारा.

चौकशीच्या दिवशी तुमच्या सभागृहात मी माझा प्लेअर, माझा रिसीव्हर आणि वायरींची पिशवी घेऊन आलो. तुमच्याकडे टीव्ही होता, पाच स्पीकर होते. पाचही टीव्हीच्या खाली एका ओळीत मांडलेले, त्यांवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. मी म्हटलं, "साहेब, यातले दोन मागे न्यावे लागतील."

"का? इथून ऐकू येत नाही का?"

"येतं साहेब. पण मागचा आवाज मागून यायला पाहिजे."

"न्या. पण लवकर. मला दोन वाजता दुसरी मीटिंग आहे."

तुमचे बाबू टाइपिंगच्या मशीनपाशी हसले. "आज सिनेमा आहे म्हणा की साहेब."

"इंटरव्हल ठेवू नका म्हणजे झालं," तुम्ही म्हणालात. मॅडमही हसल्या. बेबीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, खुर्च्या माझ्या नव्हत्या.

मी दोन स्पीकर मागच्या कोपऱ्यांत ठेवले आणि तिथंच खाली वायरी धरून बसलो. आधी पाचही चालू ठेवून दाखवलं. कर्णाच वाजला. मॅडम म्हणाल्या, "बघा सर. कुठे काय आहे?" मग मी पुढे जाऊन तीन वायरी काढल्या, मागे आलो आणि पहिल्यापासून लावलं.

पोतं ओलं हाय. मी नाई शिजवत. नाटकं नकोत. शिजव म्हणते ना मी.

सगळं स्वच्छ आलं. सभागृह दुकानापेक्षा मोठं होतं, तिथे तर आणखी खुललं.

वाजून झाल्यावर सगळ्यांत आधी मॅडम बोलल्या. "सर, हे मागून जोडलेलं आहे. आजकाल काहीही करतात. आपण आधी ऐकलं तेव्हा होतं का हे?"

"तेव्हाही होतं मॅडम," मी म्हटलं. "दबलेलं होतं."

"तुम्ही मध्ये बोलू नका," तुम्ही मला म्हणालात. मग मलाच विचारलंत, "तुम्ही पुढचे स्पीकर बंद का केले?"

"साहेब, पुढच्यात कर्णा आहे."

"म्हणजे मूळ आवाज बंद केला."

"मूळ नाही साहेब. पुढचा."

"मग हा बाईंचा आवाज कुठून आला? नेमकं सांगा. रेकॉर्डवर घ्यायचंय."

इथे मी मेलो, साहेब.

आमच्या धंद्यात मागच्या स्पीकरला 'सराउंड' कुणी म्हणत नाही. पुस्तकात म्हणतात. अकोल्यापासून बुलडाण्यापर्यंत कुठल्याही दुकानात जा, गिऱ्हाईक विचारतं, "इफेक्ट कसा आहे?" आणि दुकानदार सांगतो, "इफेक्टचे दोन स्पीकर मागे लागतील, दिवाणाच्या वर." वीस वर्षं मी तोच शब्द बोललो होतो. तुमच्यासमोर, खाली बसलेलो असताना तोंडात तोच आला.

"साहेब, तो इफेक्टमधून येतो."

बाबूंची बोटं थांबली. तुमचा आवाज एकदम मऊ झाला.

"इफेक्ट. म्हणजे हा आवाज इफेक्ट आहे?"

"हो. म्हणजे इफेक्टचा आवाज आहे. आमच्यात त्याला..."

"हो की नाही?"

"हो साहेब, पण इफेक्ट म्हणजे ते मागचे..."

"झालं. घ्या लिहून."

"साहेब, ऐका ना. ती वाट वेगळी असते. बिटस्ट्रीमवर टाकलं की..."

"हे बघा, मला तुमचं टेक्निकल नको. मी विचारलं, तुम्ही उत्तर दिलं." तुम्ही घड्याळ पाहिलंत. "आणि हे सगळं वाटा-बिटा सिनेमात असतं. लग्नाच्या कॅमेऱ्यात नसतं."

"खोक्यावर लिहिलंय साहेब. इरफानला खोकं घेऊन बोलावतो. अर्ध्या तासात येईल."

"खोक्यावर बरंच काही लिहिलेलं असतं."

त्यावर पुन्हा सगळे हसले. बेबीताई हसल्या नाहीत, पण त्या घाबरलेल्याही नव्हत्या. त्यांना वाटत होतं काम झालं. आवाज आला, सगळ्यांनी ऐकला. आता काय राहिलं?

बाबूंनी कागद काढून माझ्या पुढे ठेवला. माझा जबाब, पाच-सहा ओळी. शेवटची ओळ अशी: 'सदर संभाषणाचा आवाज हा इफेक्टद्वारे निर्माण करण्यात आलेला असल्याचे तंत्रज्ञाने मान्य केले.'

आता मी माझं सांगतो, कारण तुमचंच तेवढं सांगितलं तर तेही खोटंच होईल. मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. 'निर्माण' हा शब्द मला खटकला. मी बाबूंना विचारलं, "हे 'निर्माण' कशाला? 'येतो' लिहा ना. मी 'येतो' म्हटलं."

बाबू म्हणाले, "अहो, ही शासकीय भाषा आहे. 'येतो' असं लिहीत नाहीत. आम्ही पाण्यालासुद्धा 'उपलब्ध झाले' म्हणतो."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फाइल बंद करत होतात. मॅडम पर्समध्ये चष्मा ठेवत होत्या. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, ह्यांच्या भाषेत तसंच म्हणत असतील. मी दहावी नापास. मला शासकीय काय कळतं?

मी सही केली.

बाहेर आल्यावर बेबीताईंनी मला चहा पाजला. नको म्हटलं तरी पाजला. म्हणाल्या, "भाऊ, आज गावात मान वर करून जाईन मी. पोट्टे मारनारी बाई म्हनते मले. मायाच अंगनवाडीतले पोट्टे गल्ली बदलून जातात, त्याईच्या आया त्याईले वढून नेतात. आता म्हना म्हनाव." त्यांना नोकरीचं होतंच, पण त्याहून हे जास्त होतं. मी चहा प्यालो. 'निर्माण'चं काही बोललो नाही.

दिवाळीनंतर आदेश निघाला. बेबीताई तो घेऊन दुकानात आल्या. चप्पल पुन्हा बाहेर. ह्या वेळी बसल्या.

"वाचा बरं. मले कळते थोडं, पन एक शब्द लागत नाई."

मी वाचलं. तुमच्या अहवालाच्या चौथ्या पानावरचं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं: बनावट ध्वनी तयार करून वरिष्ठांची बदनामी करण्याचा प्रयत्न. सेवेतून कमी. आधार: तंत्रज्ञाचा जबाब.

"रामेश्वरभाऊ, इफेक्ट म्हनजे काय हो?"

दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक होतं. मी त्याला नंतर या म्हटलं. मग सांगितलं. मागचे दोन स्पीकर, आमचा धंद्यातला शब्द, सिनेमावाल्यांचा इफेक्ट म्हणजे मागून बनवून घातलेला आवाज, साहेबांनी तोच अर्थ धरला. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं.

त्यांनी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हनजे मी बोलली, ते खरं नाई झालं. तुमच्या एका शब्दानं."

"हो ताई."

"तुमी सही करताना वाचलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. "वाचलं होतं."

"मंग तठी काहून नाई सांगतलं? मी तीन खेपा सांगतलं होतं, भाऊ. मले तर कोनी इचारतही नव्हतं. तरी सांगतलं. तुमाले तर बोलावून इचारलं."

त्यांनी आदेशाची घडी घातली आणि गेल्या. त्यानंतर त्या दुकानात कधी आल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तर थांबत. मी हात जोडायचो, त्या मान हलवायच्या, बस.

मी अर्ज केले. सात केले. पहिल्यात माझी चूक कबूल केली आणि लिहिलं की मला पुन्हा बोलवा, पुन्हा वाजवून दाखवतो. कॅमेऱ्याच्या पुस्तकातलं पान जोडलं. सराउंड, चॅनल, बिटस्ट्रीम, सगळ्यांचा मराठीत अर्थ लिहिला, कुठे अडू नये म्हणून चित्र काढलं. उत्तर आलं, 'तंत्रज्ञाने यापूर्वीच जबाब दिलेला असल्याने पुनर्विचाराची आवश्यकता नाही.' पुढच्या सहांना तेही नाही. कार्ड तुमच्या कार्यालयात जमा होतं. परत मागितलं तर 'आढळून येत नाही.' इरफाननं कॅमेरा विकला. मॅडम बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. सावरटेकला नवी सेविका आली, चांगली आहे म्हणतात. आणि बेबीताई गेल्या फाल्गुनात वारल्या. मातीला गावातली माणसं आली होती, पण बायकांनी लेकरं घरी ठेवली होती. मी पाहिलं.

बारा वर्षं मी समजत होतो की सगळा गुन्हा माझ्या शब्दाचा. साहेबांना बिचाऱ्यांना तंत्र कळलं नाही, मी नीट बोललो नाही, कागद चुकला. हे मानून जगणंही एका परीनं सोपं होतं. पण मातीहून परत आलो आणि तो दिवस पुन्हा पहिल्यापासून डोळ्यांपुढे लावला. लोक काय बोलले ते सोडून दिलं. कोण कुठे होतं, तेवढंच पाहिलं.

मी मागच्या कोपऱ्यात, खाली बसलेला. टीव्ही पुढे. त्यामुळे सभागृहातल्या सगळ्यांच्या मला पाठी दिसत होत्या. बाबूंची पाठ, मॅडमचा अंबाडा, भिंतीला टेकलेल्या बेबीताईंचा खांदा. 'मी नाई शिजवत' हे वाजलं तेव्हा मॅडमनी पुढेच पाहिलं. ताठ बसून पुढेच पाहिलं. बाबूंनी मशीनकडे पाहिलं. त्या अख्ख्या सभागृहात मला एकच चेहरा दिसला, आणि तो तुमचा होता.

तुम्ही खुर्चीत वळून मागे पाहिलंत, साहेब. स्पीकरकडे नाही. दाराकडे पाहिलंत, कोण बाई आत येऊन बोलतेय म्हणून. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या बेबीताईंकडे पाहिलंत. त्यांचं तोंड बंद होतं. मग पुन्हा टीव्हीकडे वळलात, आणि त्यानंतर मला विचारलंत, 'आवाज कुठून आला?'

बनावट आवाजाला कुणी दाराकडे बघत नाही. जिवंत माणूस बोलतंय असं वाटल्याशिवाय मान अशी वळत नाही. तुम्हाला पीसीएम कळलं नसेल, बिटस्ट्रीम कळलं नसेल, इफेक्ट कळला नसेल. बाई खरं बोलतेय हे कळायला त्यातलं काहीही लागत नव्हतं, आणि ते तुम्हाला कळलं होतं.

तुम्ही आता निवृत्त झालात. तुमचा पत्ता मी शोधून काढलाय, हा कागद त्याच पत्त्यावर येतोय. मला आदेश रद्द करून नको. आता तो कुणाच्या कामाचा? मी सही केली ती ओळ खोटी होती, हे मी इथे, माझ्या नावानं लिहून दिलंय. आता तुमची पाळी.

आवाज बनावट होता, तर तुम्ही मागे वळून का पाहिलंत? उत्तर लिहून पाठवा.